मिलिकन यांचा तैलबिंदू प्रयोग : छापील निबंध, कच्ची वही आणि प्रयोगाची शिकवण

प्रास्ताविक

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द रंगमंच आणि प्रयोगशाळा अशा दोन्ही ठिकाणी नांदतो. नाटकाचा प्रयोग प्रेक्षकांसाठी असतो. त्यामागच्या तालमी, फसलेले प्रवेश, ऐनवेळी गाळलेली वाक्ये प्रेक्षकांना दिसत नाहीत आणि ती दिसावीत अशी कोणाची अपेक्षाही नसते. वैज्ञानिक प्रयोगाची गोष्ट वेगळी आहे. कोणते निरीक्षण ग्राह्य धरले, कोणते सोडले आणि का सोडले, हे जेथे ठरते ती जागा पडद्यामागची असली तरी प्रयोगाचा गाभा तेथेच असतो. असे असूनही पाठ्यपुस्तकांत विज्ञानाचे प्रयोग येतात ते बहुधा रंगमंचीय प्रयोगासारखे : नीटनेटके, एका सुरात चालणारे आणि अपेक्षित शेवटाला पोहोचणारे.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांचा तैलबिंदू प्रयोग हे याचे ठळक उदाहरण आहे. इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार मोजणारा हा प्रयोग भौतिकशास्त्राच्या बहुतेक अभ्यासक्रमांत शिकविला जातो. या प्रयोगाचा छापील निबंध आणि त्यामागच्या हस्तलिखित वह्या हे दोन्ही उपलब्ध असल्याने त्यांची तुलना शक्य झाली आहे. अशी संधी विज्ञानाच्या इतिहासात क्वचित मिळते. या तुलनेच्या आधारे प्रयोग नेमके काय शिकवितो आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्यातले काय पोहोचते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोगाची मांडणी

मिलिकन यांचे हे कार्य शिकागो विद्यापीठात झाले. आरंभी त्यांनी पाण्याच्या बाष्पाचा ढग आणि नंतर पाण्याचे सुटे थेंब वापरले. मात्र पाण्याचा थेंब निरीक्षण चालू असतानाच बाष्पीभवनाने लहान होत जाई. यावर उपाय म्हणून तेलाचा वापर सुरू झाला. धातूच्या दोन समांतर तबकड्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर आडव्या ठेवायच्या, वरच्या तबकडीच्या मध्यावरील बारीक छिद्रातून तेलाच्या फवाऱ्यातील एखादा थेंब आत येऊ द्यायचा आणि बाजूने प्रकाश टाकून दुर्बिणीतून त्याची हालचाल पाहायची, अशी ही रचना होती. तबकड्यांना विद्युतदाब नसताना थेंब गुरुत्वाकर्षणाने सावकाश खाली येतो. हजारो व्होल्टचा दाब दिला की विद्युतभारित थेंब वर चढू लागतो. ठरावीक अंतर उतरण्यास आणि चढण्यास लागणाऱ्या वेळांवरून, हवेची श्यानता म्हणजे हवेचा प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध माहीत असल्यास, थेंबावरील विद्युतभार काढता येतो.

या पद्धतीचे सामर्थ्य एकाच थेंबाला तासन्‌तास धरून ठेवण्यात होते. हवेतील आयन थेंबाला चिकटले की त्याचा चढण्याचा वेग एकदम बदले. हा बदल मनमानी नसे. प्रत्येक वेळी विद्युतभार एका लहानात लहान परिमाणाच्या पूर्णांकी पटीतच कमी-जास्त होई. वीज अखंड प्रवाही नसून कणरूप आहे, हे येथे डोळ्यांनी पाहता येत होते. इतक्या साध्या साधनांनी इतका मूलगामी निष्कर्ष हाती यावा, यातच या प्रयोगाचे सौंदर्य आहे. पुढील विवेचनात त्याच्या वृत्तांताविषयी कठोर प्रश्न उपस्थित केले असले, तरी हे सौंदर्य त्यामुळे उणावत नाही.

दोन निबंध, दोन वृत्ती

मिलिकन यांच्या लेखनाची समीक्षा करताना १९१० आणि १९१३ या दोन वर्षांतील निबंध शेजारी ठेवून वाचणे उद्‌बोधक ठरते. फेब्रुवारी १९१० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध तेलाच्या नव्हे, तर पाणी व अल्कोहोल यांच्या थेंबांवर आधारलेला होता. त्यात मिलिकन यांनी आपल्या निरीक्षणांना प्रतवारीनुसार तारांकित केले होते. उत्तम निरीक्षणास अधिक तारे, साधारण निरीक्षणास कमी, काहींना एकही नाही. इतकेच नव्हे, तर अंतिम मूल्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी भार दाखविणारे एक निरीक्षण अनिश्चित आणि पुन्हा न आढळलेले म्हणून आपण वगळल्याचेही त्यांनी त्यात नोंदविले. संशोधकाने आपला निवाडा वाचकासमोर उघडा करून ठेवण्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

या मोकळेपणाची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. व्हिएन्ना येथील फेलिक्स एहरेनहाफ्ट यांनी त्याच वर्षी इलेक्ट्रॉनहून कमी भार असलेले कण आढळल्याचा दावा केला. मिलिकन यांच्या सरासऱ्या बाजूला सारून त्यांनी मिलिकन यांच्याच सुट्या निरीक्षणांची पुनर्गणना केली आणि ही निरीक्षणे किती विखुरलेली आहेत हे दाखवून दिले. ज्या तपशिलाने वाचकाचा विश्वास संपादन करायचा, तोच तपशील प्रतिपक्षाच्या हातचे शस्त्र बनला.

ऑगस्ट १९१३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा सूर वेगळा आहे. त्यात ५८ तेलबिंदूंचा तक्ता आहे. तारे नाहीत, वगळलेल्या थेंबाची कबुली नाही. उलट हे थेंब निवडून घेतलेले नसून सलग ६० दिवसांत ज्या थेंबांवर प्रयोग केला ते सर्व यात आले आहेत, असे ठाम विधान आहे. इलेक्ट्रॉनच्या भाराचे मूल्य स्थिरविद्युत एककात ४.७७४ × १०⁻¹⁰ आणि संभाव्य त्रुटी ०.००९ × १०⁻¹⁰, म्हणजे सुमारे ०.२ टक्के, इतकी अल्प दिली आहे. मूलभूत विद्युतभार आणि प्रकाशविद्युत परिणाम यांवरील कार्यासाठी मिलिकन यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एहरेनहाफ्ट यांचे ‘उप-इलेक्ट्रॉन’ हळूहळू विस्मृतीत गेले.

कच्च्या वहीची साक्ष

मिलिकन १९२१ पासून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नेतृत्व करीत होते. त्यांच्या प्रयोगाच्या वह्या याच संस्थेच्या संग्रहात जतन झाल्या. विज्ञानाचे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी त्या तपासून १९७८ मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यानंतर १९८१ मध्ये अ‍ॅलन फ्रँकलिन यांनी वह्यांतील आकड्यांची नव्याने गणना केली. फ्रँकलिन यांच्या मोजणीनुसार ऑक्टोबर १९११ ते एप्रिल १९१२ या काळातील वह्यांत १७५ थेंबांच्या नोंदी आहेत. त्यांतील पहिल्या काही महिन्यांच्या नोंदी उपकरण स्थिरावण्याच्या काळातील मानल्या आणि छापील तक्ता जेथून सुरू होतो त्या १३ फेब्रुवारी १९१२ पासूनच मोजणी केली, तरीही नोंदलेले थेंब छापलेल्या ५८ हून बरेच अधिक भरतात. १९१३ च्या निबंधातील ते ठाम विधान वहीशी जुळत नाही.

वहीच्या पानांवर आकड्यांच्या कडेने लिहिलेले शेरे आहेत. एखाद्या थेंबाविषयी तो देखणा असून प्रसिद्ध करावा अशी नोंद आहे, तर कोठे काहीतरी बिघडले आहे, हे वापरायचे नाही, असे लिहिले आहे. काही ठिकाणी वगळण्याचे कारण तापमान, दाब वा हवेचे प्रवाह यांत सापडते. काही ठिकाणी मात्र गणिताचे उत्तर अपेक्षेबाहेर गेले, याखेरीज कारण दिसत नाही.

यावरून मिलिकन यांनी लबाडी केली असा निवाडा अनेकांनी दिला आणि विज्ञानातील गैरव्यवहारांच्या चर्चेत त्यांचे नाव येऊ लागले. या निवाड्याला भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड गुडस्टीन यांनी २००१ मध्ये उत्तर दिले. त्यांच्या मते ते विधान निबंधाच्या ज्या भागात येते त्याचा संदर्भ लक्षात घेतला पाहिजे. अतिसूक्ष्म थेंबांसाठी स्टोक्सच्या नियमात करावयाच्या दुरुस्तीची पडताळणी हा त्या भागाचा विषय आहे आणि ज्यांची निरीक्षणे पूर्ण झाली अशा थेंबांपुरतेच ते विधान वाचावे. ही बाजू विचारात घेण्याजोगी आहे. तथापि तिने प्रश्न पूर्णपणे मिटत नाही. वाचक विधान वाचतो ते त्याच्या शब्दांत. लेखकाच्या मनातील मर्यादा त्याला दिसत नाही, आणि ती शब्दांत आणणे ही लेखकाचीच जबाबदारी असते.

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. निरीक्षणे वगळणे हा स्वतःहून दोष नव्हे. एहरेनहाफ्ट यांनी आपली निरीक्षणे गाळण्याचे टाळले. त्यांचे कण अतिसूक्ष्म होते, त्यांचा आकार आणि घनता गृहीत धरावी लागत होती, आणि या गृहीतकांतील उणिवा अपूर्णांकी भाराच्या रूपाने उत्तरात उतरत होत्या. सर्व काही ठेवणारा संशोधक चुकला आणि निवड करणारा बरोबर निघाला, हा या वादाचा अस्वस्थ करणारा निष्कर्ष आहे. कोणता थेंब बोलतो आहे आणि कोणता केवळ गोंगाट करतो आहे, हे ओळखणे हेच प्रयोगकर्त्याचे कसब. मिलिकन यांच्याकडे ते होते. आक्षेप घ्यावयाचा तो या कसबावर नव्हे, तर ते लपविणाऱ्या वाक्यावर. १९१० मध्ये ज्यांनी ताऱ्यांनी आपली निवड दाखविली, त्यांनीच १९१३ मध्ये निवड केलीच नाही असे लिहिले, हे खेदकारक आहे.

दडविलेले आणि न दडविलेले

वगळलेल्या थेंबांमुळे अंतिम उत्तर कितपत बदलले? फ्रँकलिन यांच्या पुनर्गणनेचा निष्कर्ष असा की, ते थेंब जमेस धरले असते तरी भाराचे मूल्य लक्षणीय बदलले नसते. फक्त संभाव्य त्रुटी काहीशी वाढली असती. म्हणजे जे दडविले गेले त्याने उत्तर बिघडले नाही.

मिलिकन यांचे मूल्य मात्र चुकीचेच होते. त्याच एककात आजचे मूल्य सुमारे ४.८०३ × १०⁻¹⁰ असे आहे. दोहोंतील फरक ०.६ टक्के, म्हणजे मिलिकन यांनी स्वतः सांगितलेल्या त्रुटीच्या तिपटीहून अधिक आहे. ही चूक आली हवेच्या श्यानतेच्या मूल्यातून. भाराचे मूल्य श्यानतेच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे श्यानतेत हजारात चार भागांची चूक असली तर भारात हजारात सहा भागांची चूक उतरते. श्यानतेचे मूल्य मिलिकन यांनी दडविले नव्हते. त्या काळी उपलब्ध असलेल्या उत्तम मापनांवर विसंबून त्यांनी ते निबंधात उघडपणे दिले होते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रयोगाची खरी शिकवण हाती येते. जे लपविले त्याने उत्तर चुकविले नाही, आणि ज्याने उत्तर चुकविले ते लपविलेले नव्हते. सचोटी आणि अचूकता हे दोन वेगळे गुण आहेत. प्रामाणिक प्रयोगकर्ता चुकू शकतो, आणि वृत्तांतात अप्रामाणिक असलेल्याचे उत्तर बरोबर येऊ शकते. मग सचोटीचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तरही याच प्रयोगात आहे. श्यानतेचे मूल्य छापलेले असल्यामुळेच पुढील संशोधकांना चूक नेमकी कोठे शिरली हे शोधता आले. वगळलेले थेंब छापलेले नसल्यामुळे त्यांविषयीचा प्रश्न साठ वर्षांहून अधिक काळ कोणाला विचारताच आला नाही. उघड केलेली चूक दुरुस्त होऊ शकते, झाकलेला निवाडा तपासताही येत नाही.

ही दुरुस्ती सहजी झाली नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्ष-किरणांची तरंगलांबी आखीव जालकाच्या साहाय्याने थेट मोजली जाऊ लागली. त्या मापनांवरून निघणारा इलेक्ट्रॉनचा भार मिलिकन यांच्या मूल्याहून अधिक येत होता. तेव्हा मिलिकन यांच्या मूल्यापेक्षा स्फटिकांच्या रचनेविषयी शंका घेतली गेली. १९३० च्या दशकात श्यानतेची नव्याने मापने झाली आणि मग कोठे नवे मूल्य स्वीकारले गेले. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूटच्या पदवीदान समारंभातील भाषणात याच इतिहासाचा दाखला दिला. मिलिकन यांच्या मूल्याहून फार मोठे उत्तर आले की संशोधक आपल्या प्रयोगात चूक शोधत, जवळचे उत्तर आले की तितक्या कसोशीने शोधत नसत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हे भाषण ज्या संस्थेत झाले तिच्याच संग्रहात मिलिकन यांच्या वह्या होत्या. होल्टन यांचा लेख प्रसिद्ध होण्यास अजून चार वर्षे होती.

फाइनमन यांनी हा किस्सा आकड्यांचा तक्ता न देता सांगितला. प्रत्यक्षात बदलाचा मोठा वाटा संथपणे सरकत जाणाऱ्या तैलबिंदू-मापनांचा नसून क्ष-किरणांच्या सर्वस्वी भिन्न पद्धतीचा होता. त्यांचा बोध अचूक असला तरी इतिहास थोडा सोपा झाला आहे. प्रयोगाविषयीच्या कथाही प्रयोगाइतक्याच काळजीने तपासाव्या लागतात.

नावाचा प्रश्न

या प्रयोगाच्या छापील रूपातून आणखी एक गोष्ट गळली आहे. तेलाच्या प्रयोगाची उभारणी आणि प्रत्यक्ष निरीक्षणे यांत हार्वे फ्लेचर या संशोधक विद्यार्थ्याचा मोठा सहभाग होता. फ्लेचर यांचे १९८१ मध्ये निधन झाले. त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत १९८२ मध्ये ‘फिजिक्स टुडे’ने प्रसिद्ध केली. तीनुसार तैलबिंदूवरील निबंध एकट्या मिलिकन यांच्या नावे आणि ब्राउनीय गतीवरील निबंध एकट्या फ्लेचर यांच्या नावे प्रसिद्ध करावा, असा प्रस्ताव मिलिकन यांनी ठेवला, आणि विद्यार्थ्याने तो मान्य केला. हकीकतीत कडवटपणा नाही. मार्गदर्शकाचे ऋणही त्यात मानलेले आहे. मात्र मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या नात्यात संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न ती वाचणाऱ्या प्रत्येक अध्यापकापुढे उभा राहतो. पदव्युत्तर मार्गदर्शन करणाऱ्या महाविद्यालयांत तो केवळ ऐतिहासिक नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळा : उलटा प्रवास

आता या समीक्षेचा संबंध जेथे सर्वाधिक येतो त्या जागेकडे, म्हणजे महाविद्यालयीन प्रयोगशाळेकडे वळणे उचित होईल. आपल्याकडील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याजवळ दोन वह्या असतात. एक कच्ची, जिच्यात रीडिंग घेतली जातात. दुसरी पक्की, म्हणजे जर्नल, जी तपासली जाते आणि प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी प्रमाणित होते. कच्च्या वहीत खाडाखोड, डाग, मध्येच सोडलेली रीडिंग असतात. जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, आकडेमोड आणि निष्कर्ष सुवाच्य अक्षरांत असतात. मिलिकन यांची वही आणि त्यांचा १९१३ चा निबंध यांच्यातील अंतर हे तत्त्वतः याच दोन वह्यांमधील अंतर आहे.

फरक इतकाच की, आपल्याकडे हा प्रवास अनेकदा उलट दिशेने होतो. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. ते ९१० आले की लंबकाची लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत मोजली का, आंदोलने मोजताना सुरुवात एकपासून केली की शून्यापासून, हे शोधण्याऐवजी उत्तरावरून मागे जाऊन रीडिंग ‘बसविली’ जातात. मागील वर्षीचे जर्नल हाताशी असेल तर तेवढेही कष्ट घ्यावे लागत नाहीत. मिलिकन यांनी थेंब वगळले, पण त्यांनी थेंब निर्माण केल्याचे कोणीही म्हटलेले नाही. या अर्थाने आपल्या प्रयोगशाळांत रुळलेली सवय मिलिकन यांच्या दोषाहून गंभीर आहे.

याचा दोष केवळ विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. ज्ञात मूल्याशी जवळीक हाच गुणदानाचा निकष असेल, तर विद्यार्थी अचूकता पुरवितो आणि तिच्या मोबदल्यात सचोटी सोडून देतो. एका तासिकेत प्रयोग संपवायचा, उपकरणे अपुरी, एका मेजावर चार-पाच विद्यार्थी, ही परिस्थितीही नाकारता येत नाही. परंतु चुकलेल्या उत्तराचे कारण शोधणाऱ्या विद्यार्थ्यास बरोबर उत्तर उतरवून काढणाऱ्यापेक्षा कमी गुण मिळत असतील, तर त्या व्यवस्थेतून शिकविले जाते ते विज्ञान नव्हे. तेथे फक्त प्रयोगाची मांडणी असते, रंगमंचावर असते तशी.

उपाय खर्चिक नाही. कच्च्या वहीवर तारीख आणि स्वाक्षरी घालून ती जर्नलसोबत तपासणे, खोडलेले रीडिंग वाचता येईल अशा एका रेघेने खोडण्याचा आग्रह धरणे, वगळलेल्या प्रत्येक रीडिंगपुढे कारण लिहावयास लावणे आणि निष्कर्षाइतकेच गुण त्रुटींच्या चर्चेस देणे, एवढे प्रत्येक विभागास करता येण्याजोगे आहे. मिलिकन यांच्या १९१० च्या निबंधातील तारे यापेक्षा वेगळे काही सांगत नव्हते.

समारोप

२० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत मूलभूत विद्युतभाराचे मूल्य १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलॉम असे व्याख्येनेच निश्चित करण्यात आले आहे. त्यात आता त्रुटी उरलेली नाही. याचा अर्थ असा की, आज एखाद्या प्रयोगशाळेत तैलबिंदूचा प्रयोग केला तर त्यातून त्या भाराविषयी नवे काही कळणार नाही. जे कळेल ते उपकरणाविषयी, हवेविषयी आणि प्रयोग करणाऱ्याविषयी. उत्तर पूर्णपणे माहीत झाल्यावरही हा प्रयोग शिकविण्याजोगा राहतो तो याच कारणाने.

मिलिकन यांचे मोठेपण त्यांच्या वहीने कमी होत नाही. उलट शंकेखोर, चिवट, थेंबावर रागावणारा आणि थेंबावर लुब्ध होणारा प्रयोगकर्ता त्या पानांवर दिसतो तसा छापील निबंधात दिसत नाही. निबंधाने जगाला एक संख्या दिली, आणि ती कालांतराने बदलली. निवाडा कसा करतात, कोठे चुकतो आणि तो उघड का ठेवावा, हे मात्र वहीच सांगते. विद्यार्थ्यापुढे निबंधाबरोबर ही वहीही ठेवणे, आणि त्याची स्वतःची कच्ची वही तितक्याच आदराने वाचणे, हे अध्यापकाच्या हाती आहे.